न ठरलेल्या माणसाला दिलेलं वचन

पायनी गॅप, व्हर्जिनिया
२६ एप्रिल १९९९

चि. वेंडेल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुझा आवाज चढतो आणि माझा आधीच चढलेला असतो.

तुमच्या पक्षाचं पत्रक काल टपालाने आलं. पंधरा मे रोजी, शनिवारी, बंबगाड्यांच्या शेडमध्ये काउंटीच्या मंडळासाठी उमेदवार ठरवणार. कोणीही मतदार येऊ शकतो, पण आधी एका चिठ्ठीवर सही करायची: पक्षाची तत्त्वं मान्य आहेत, आणि जो कोणी निवडला जाईल त्याला नोव्हेंबरच्या निवडणुकीत पाठिंबा देण्याचं वचन देत आहे. ‘जो कोणी’ हे शब्द मी तीनदा वाचले. ज्याचं नावही ठरलेलं नाही अशा माणसाला वचन देताना मी अजून कोणाला पाहिलेलं नाही.

आजवर तुमच्या पक्षाच्या सावलीलाही मी उभी राहिले नाही. पण आपल्या खोऱ्यात दुसरा पक्ष उमेदवारच देत नाही. शेडमध्ये जो ठरला तो निवडून आला. रॉइस स्टिलवेल ठरला, तर पुढच्या वर्षी आमची शाळा बंद. तो हे लपवतही नाही. अठ्ठेचाळीस मुलं रोज सव्वा तास बसमध्ये डोंगर उतरणार. त्या शाळेच्या स्वयंपाकघरात माझी सत्तावीस वर्षं गेली. नदीन एकर्स ठरली तर शाळा राहते. यंदा तिच्यासाठी डंकर पंथाची मंडळीही येणार आहेत. आपण ज्या पंथात वाढलो, त्याच्या वडीलधाऱ्यांनी मत द्यायला मुभा दिल्याचं तू कधी ऐकलं होतंस? पोरांच्या शाळेसाठी या वेळी दिली.

तू पक्षाचा चिटणीस. सरळ सांग, त्या चिठ्ठ्या कोणाच्या हाती जातात? टेबलाशी रॉइसचा चुलतभाऊ व्हर्लिन बसणार असं कानावर आलंय.

माझ्यावरचा लोभ आहे तसा राहू दे, आणि उत्तर मात्र लवकर दे.
तुझी बहीण,
लीटा

*

लोअर फोर्ड
१ मे १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र मिळाले. बटाट्याच्या सॅलडमध्येही तू कोणाचा तरी डाव शोधतेस, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

तुझ्या प्रश्नांची उत्तरे क्रमाने देतो. त्या सहीला कायद्याने कोणीही बांधील राहत नाही. मत गुप्त असते. नोव्हेंबरमध्ये पडद्यामागे तू काय केलेस हे कोणालाही कळणार नाही. चिठ्ठ्या माझ्या कार्यालयातील लोखंडी कपाटात राहतील आणि किल्ली माझ्याकडे असेल. व्हर्लिन केवळ त्या गोळा करील. लोक अशा कागदांवर सही करतात आणि जेवायच्या आत विसरतात. तूही कर, आणि तुझ्या नदीनला मत दे.

वकिलाच्या कार्यालयात तीस वर्षे खरेदीखते लिहिल्यावर एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

प्रकृतीस जपावे. धाकट्याकडे दुर्लक्ष न व्हावे, एवढीच विनंती.
तुझा,
वेंडेल

*

पायनी गॅप
१८ मे १९९९

चि. वेंडेल यास,
आशीर्वाद.

सही केली, मत दिलं. व्हर्लिनने चिठ्ठी पुढे सरकवत विचारलं, काय लीटामावशी, आज आमच्या गोठ्याकडे वाट कशी चुकलात? मी म्हटलं, गोठा म्हणालास ते बरं झालं, जाताना पाय पुसून जाईन.

नदीन नऊ मतांनी हरली. आकडा तूच वाचून दाखवलास. पण तू आत पेटीशेजारी होतास, बाहेर काय झालं ते ऐक. साडेदहाला डंकरांच्या सात गाड्या आल्या. सव्वीस माणसं, काळ्या हॅट, पांढरी टोपडी. पुढे त्यांचे वडीलधारे गेलन नॅफ. त्यांनी चिठ्ठी घेतली, चष्मा लावून वाचली, मागच्याला दिली. त्याने त्याच्या मागच्याला. चिठ्ठी रांगेच्या टोकाला जाऊन परत आली. गेलननी ती व्हर्लिनपुढे नीट ठेवली, तुमचा वेळ घेतला म्हणाले, आणि सगळे वळले. एकानेही आवाज चढवला नाही. उद्याचं वचन ते कोर्टातही देत नाहीत. उद्या देवाचा, असं मानतात. तुला हे मी सांगायला नको.

व्हर्लिन हसला नाही, पण त्याला आश्चर्यही वाटलं नाही. मला तेच खुपतंय. ज्याला आश्चर्य वाटत नाही, त्याला आधीच ठाऊक असतं. गेल्या खेपेच्या चिठ्ठीत फक्त तत्त्वं मान्य आहेत एवढंच होतं, असं नदीन सांगते. वचनाची ओळ कोणी घातली?

माया आहे म्हणूनच विचारते आहे.
लीटा

*

लोअर फोर्ड
२४ मे १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ती ओळ माझी आहे. मार्च महिन्यात लिहिली, समितीने एकमताने मान्य केली. गेल्या खेपेस दुसऱ्या पक्षाच्या बेचाळीस लोकांनी येऊन आमचा उमेदवार ठरवला होता. ते थांबवणे हाच हेतू होता. डंकर मंडळी तेव्हा माझ्या मनातही नव्हती. नियम सर्वांना सारखा होता. तो कोणाला जड गेला, याचा दोष मसुदा लिहिणाऱ्यावर येत नाही.

तुझ्या पत्रात प्रश्न कमी आणि आरोप जास्त आहे. सख्ख्या भावाला असे लिहिण्यापूर्वी दोनदा विचार व्हायला हवा होता. येथे सर्व क्षेम. तिकडचे कळवावे, कळवायची इच्छा असल्यास.
वेंडेल

*

पायनी गॅप
२ जून १९९९

चि. वेंडेल यास,
आशीर्वाद. रागावलास, म्हणजे पत्र नीट वाचलंस.

काल गेलन नॅफ यांच्याकडे जाऊन आले. ओसरीवर बसून मटार सोलत होते, मलाही एक टोपलं पुढे केलं. मी विचारलं, आज काय वाटतं ते सांगायची सही मागितली असती तर? म्हणाले, ती केलीच असती, आमचं मत कोणाला चोरून ठेवायचंय. पण माणूस अजून ठरायचाय, आणि त्याचं ओझं मी आजच खांद्यावर घेऊ? तो चोर निघाला तर? मग अगदी सहज म्हणाले, हे मी रॉइसला सांगितलं होतं की! फेब्रुवारीत गवताच्या गठ्ठ्यांसाठी आला होता. तुम्ही लोक मत का देत नाही, कशाकशावर सही करत नाही, फार आस्थेने विचारत होता. आम्हाला वाटलं, पोरगा धर्माकडे वळतोय.

फेब्रुवारीत रॉइसला कळलं. मार्चमध्ये तू ओळ लिहिलीस.

डंकर मनात नव्हते, हे मला पटत नाही. वडिलांनी डेअरीच्या करारावर सही केली नव्हती, कारण त्यात पुढच्या वर्षीचं दूध आजच कबूल करायचं होतं. त्या हिवाळ्यात आपण दूध डुकरांना घातलं. बादल्या तू वाहिल्यास. कडाक्याच्या थंडीत कडीने तुझी बोटं फुटायची, मी चरबी लावून द्यायचे. हे विसरणाऱ्यातला तू नव्हेस.

आता गावातल्या बायका म्हणतात, लीटा, तू उभी राहा. छापील यादीत नाव नसलं तरी मतपत्रिकेवर हाताने लिहिता येतं, आणि नोव्हेंबरमध्ये चिठ्ठी नाही, त्यामुळे डंकरही येतील. पण माझी सही तुझ्या कपाटात आहे. व्हर्लिन दुकानात सांगत फिरतोय, उभी तर राहू दे, मावशीचा कागद शाळेच्याच दारावर चिकटवतो.

मला एकच सांग. तुला ठाऊक होतं का?
लीटा

*

लोअर फोर्ड
८ जून १९९९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रॉइस घरी आला. बायकोने केलेला सुक्या सफरचंदांचा थरांचा केक आणला होता. म्हणाला, वेंडेलराव, अख्ख्या काउंटीत तुमच्यासारखं कोणाला लिहिता येत नाही. आपल्या चिठ्ठीत भोकंच भोकं आहेत, कोणी निसटणार नाही अशी एक ओळ घाला. मला बरे वाटले. अर्ध्या तासात लिहिली, आणि चांगली लिहिली.

त्या बादल्या आठवल्या का? आठवल्या, एकदा, टंकलेखन करताना. डंकर कधीच मत देत नाहीत, असे मी स्वतःला सांगितले, आणि ते तेव्हा खरे होते. पुढे तुझे २६ एप्रिलचे पत्र आले. डंकर या वेळी येणार, हे मला त्या दिवशी कळले. हातात दोन आठवडे होते. चिठ्ठ्या छापून झाल्या होत्या, आणि छापलेला मजकूर चुकला असे म्हणणे मला जमले नाही. तुझ्या पत्राला मी मुद्देसूद उत्तर दिले. त्या एका मुद्द्याचा उल्लेख टाळला. कट रॉइसचा होता. मौन माझे होते.

काल त्याने चिठ्ठ्यांचे पुडके मागितले. मी दिले नाही. चिटणीसपदाचा राजीनामा दिला आहे. शुक्रवारी, १८ तारखेला, किल्ली सोपवावी लागेल. तत्पूर्वी तुझी चिठ्ठी काढून सोबत पाठवत आहे. जाळून टाक. आयुष्यात प्रथमच एखाद्या फायलीतून कागद काढला आहे.

लोभाची मागणी करण्याचा अधिकार आज मला नाही. तरी करतो.
वेंडेल

*

पायनी गॅप
१३ जून १९९९

चि. वेंडेल यास,
अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी परत पाठवते आहे. जिथून काढलीस तिथे, त्याच क्रमाने ठेव. कागद जाळला म्हणून मी सही केली नव्हती असं होत नाही. विसरता येईल, असं तू लिहिलं होतंस. मी प्रयत्न करून पाहिला, नाही जमत. तेव्हा मी उभी राहणार नाही. व्हर्लिनला चिकटवायला दुसरं काहीतरी शोधावं लागेल.

तुझ्यावरची शंका अर्धी गेली. उरलेली अर्धी तू आता काय करतोस त्यावर आहे.

तुझं पत्र मी गेलनना वाचून दाखवलं. तुला न विचारता, हो. त्यांनी शेवटचा भाग पुन्हा वाचायला सांगितला. मग म्हणाले, चूक कबूल करणारा माणूस मंडळावर बसलेला मी पाहिलेला नाही, एकदा पाहावा म्हणतो. मग विचारलं, त्याने स्वतः सही केली होती का? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मतमोजणी चिटणिसाकडे, म्हणून तुमच्याच नियमाने तो त्या दिवशी मत देत नाही. आणि मत नाही म्हणून सहीही नाही. आता तर पदही नाही. या खोऱ्याच्या मतदारयादीत तू आहेसच. हात मोकळे असलेला, कागद वाचता येणारा, आणि रॉइस काय करू शकतो हे आतून पाहिलेला, असा उभा करायला दुसरा माणूस आमच्याकडे नाही. बुधवारी सात वाजता शाळेच्या जेवणघरात ये. डंकर येतील, नदीन येईल, मका-भाकरी आणि घेवडा मी करेन. नाही म्हणायचं असेल तर तेही सगळ्यांच्या तोंडावर म्हण, पत्राने नको.

आणि एक गोष्ट आजच सांगून ठेवते, मागाहून रुसू नकोस. मी सही केली आहे. नोव्हेंबरमध्ये माझं मत रॉइसला जाईल. शिव्या देत जाईल, पण जाईल. म्हणून मतं मागायला निघशील तेव्हा माझं दार सोड, आणि नदीपलीकडची दोन दारं जास्त ठोठाव.

तुझी,
लीटा