तार जोडली गेली

१२ जानेवारी

ती. ताईस, सा. न.

गुन्हा मी कबूल केला आहे. आता शिक्षा ठरण्याआधी वकिलांनी माझ्या हातचं निवेदन मागितलंय. ते असं: ‘लिफ्टचं दार नीट लागत नव्हतं. दुरुस्तीच्या घाईत, दार उघडं असताना लिफ्ट थोपवणाऱ्या दाराच्या स्विचला बगल देऊन तार जोडली गेली. दार उघडं असतानाच लिफ्ट वर गेली. एका नर्सबाईंचा पाय मोडला. चूक झाली.’ तू व्याकरण शिकवतेस, तेव्हा शुद्धलेखन तपास. वकील म्हणतात, दंडावर भागेल. तुरुंगात जावं लागलं तर लेकीला काय सांगू गं?

तुझा धाकटा

१९ जानेवारी

चि. खटपट्यास, अनेक आशीर्वाद.

शुद्धलेखन ठीक आहे. पण तार जोडली गेली म्हणजे काय रे? ती काय आपल्या पायांनी चालत गेली? लिफ्ट आपोआप वर गेली, पाय आपोआप मोडला, चूकही आपली आपण झाली! अख्ख्या कागदावर तू कुठेच नाहीस. लहानपणी कपबशा अशाच ‘फुटायच्या’ आणि आईपुढे मी तुला पाठीशी घालायचे. ती चूक मी केली.

त्या इमारतीत रोज दोनशे माणसं चढतात-उतरतात. तुला पुढच्या कामावर पळायचं होतं, म्हणून त्या सगळ्यांचा जीव तू टांगणीला लावलास. हे लिहिताना मला रडू येतंय, पण खरं ते खरं. प्रत्येक वाक्यात ‘मी’ घाल. शिक्षा वाढली तर मला खुशाल शिव्या दे.

राग आहे, लोभ तसूभरही कमी नाही.

ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

चार दिवस तुझ्यावर चिडलो होतो. मग ‘मी तार जोडली’ एवढं लिहायला अख्खी दुपार गेली. वकिलांनी कपाळाला हात लावला.

काल कोर्टात ते वाचलं. नर्सबाई कुबड्या घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, याला वर्षानुवर्षं डांबून माझा पाय काही लवकर जुळणार नाही, पण नुसत्या दंडावर सुटला तर उद्या दुसरा कोणी तार जोडेल. न्यायाधीशबाई म्हणाल्या, कोणाचा जीव गेला नाही हे याचं नशीब, कर्तृत्व नव्हे; पण याने अंग काढून घेतलं नाही, हेही धरायला हवं. सरकारी वकिलांनी तीन वर्षं मागितली होती. आठ महिने कैद मिळाली, परवाना तीन वर्षं बंद.

लेकीला मीच सांगितलं, काय केलं तेही. ती खूप रडली, मग बोटांवर महिने मोजत बसली. तिच्याकडे लक्ष ठेव गं.

तुझा धाकटा

२ मे

ती. ताईस, सा. न.

इथल्या कचेरीची लिफ्ट बंद पडली. जेलरसाहेबांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांनी मला बोलावलं. बघतो तर दाराचाच स्विच! साहेब म्हणाले, संध्याकाळपर्यंत चालेल असं काहीतरी कर. हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू? पण मी सांगितलं, माझा परवाना बंद आहे आणि स्विच बदलल्याशिवाय ही कोणीच चालवायची नाही. दारावर पाटी लावली. साहेब माझ्या नावाने बोटं मोडत जिना चढले, मागून त्यांच्या फायली घेऊन मी.

चौथ्या मजल्यावर धापा टाकत ते म्हणाले, सुटल्यावर आमच्या लिफ्टच्या तपासणीला तूच ये. मी म्हणालो, तीन वर्षं थांबा, येतो.

तूही तोवर लोभ चालू ठेव.

तुझा खटपट्या