भिजवलेला एप्रन

आबा, आज कँटीनमधल्या नव्या आचाऱ्याला एप्रन बांधताना पाहिलं आणि तुमची इतकी आठवण आली की शिफ्ट सुटल्यावर इथेच कोपऱ्यात लिहायला बसलो.

रोह्याच्या डोंगरात लाकूडतोडीचे तळ पडायचे तेव्हा तुम्ही तिथले आचारी. तीन दगडांची चूल, वर आभाळ, आणि तुमच्या कमरेला पेणच्या गिरणीतून आणलेलं गोणपाट. ते तुम्ही आधी बादलीत बुचकळायचात, पिळायचात आणि मगच बांधायचात. डोंगरावर वारा फिरला की ठिणग्या अंगावर येतात, ओल्या गोणपाटावर त्या जागीच विझतात. लाकूडतोडे 'आबा परकर नेसून रांधतो' म्हणून चिडवायचे आणि तुम्ही त्यांनाच वाल जास्त वाढायचात. मग तोड बंद झाली, तुम्ही घरी बसलात. घरी बसलेले तुम्ही म्हणजे आईच्या डोक्याला ताप, तिच्या प्रत्येक आमटीत नाक खुपसायचं. पण आतून खंगत चालला होतात, ते मला दिसत होतं. म्हणून धाटावला आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये मी शब्द टाकला. एक दिवस काम बघतो, मग ठरवतो, असं तिथले साहेब म्हणाले.

त्या दिवशी मी ताट घेऊन रांगेत उभा आहे. तुम्हाला कोरा पांढरा एप्रन मिळालाय, आणि तुम्ही तो सवयीने बादलीत बुडवून बांधलाय. गॅसच्या शेगडीपुढे उभे राहून तुम्ही निथळताय, फरशीवर तळं झालंय. सगळी रांग हसतेय. मागचा विचारतो, "कोन रे हा बाबा?" "माजा बापूस हाय," मी म्हणतो आणि मलाही हसू फुटतं. साहेब मात्र तापलेत. "कोणीतरी घसरून पडेल इथे! तुम्ही घरी जा." तुम्ही हातातला डाव खाली ठेवत नाही.

"जातो ना साहेब. पन मानसं ताटं घेऊन उभी हायत. त्यांना वाढतो, फरशी पुसतो, न मंग जातो."

आणि खरंच शेवटच्या माणसापर्यंत वाढलंत, मग कमरेचा तोच एप्रन सोडून त्यानेच फरशी पुसलीत. मी साहेबांपुढे गयावया करायला गेलो, तर त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "तुझ्यासाठी नाही ठेवत त्यांना. रांग उपाशी टाकून गेले नाहीत म्हणून ठेवतोय. उद्या कोरडे या म्हणावं."

मी तुम्हाला एवढंच सांगितलं की काम मिळालं. झालं! आपल्या गडब गावच्या नाक्यावर, एसटीत, आईच्या माहेरी, भेटेल त्याला तुम्ही छाती फुगवून सांगत सुटलात, "पोरानं लावला मला!" कँटीनमध्ये शेवटच्या दिवसापर्यंत तेच सांगत होतात.

तुम्ही तर गेलात, आता हा कागद टाकू कुठे? खिशातच राहील. साहेब काय म्हणाले ते मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही, आबा. सांगितलं असतं तर तुम्ही तसं म्हणायचं सोडलं असतंत, आणि मला ते ऐकायचं होतं. अजूनही ऐकायचंय.