पार्श्वभूमी नसलेल्या मुलीच्या आईचे मृत्युपत्र

मी, खाली सही करणारी, पेशाने नृत्यशिक्षिका, आता निवृत्त, कलाशाळेत सगळ्यांची 'मोठ्या बाई', हे मृत्युपत्र माझ्याच हाताने, माझ्याच खाटेवर बसून, राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्या खुब्याचे हाड मोडले आहे, डोके शाबूत आहे. तसा दाखला हाडांच्या डॉक्टरांकडून घेतला आहे. ते आधी का-कू करत होते. म्हणाले, "बाई, मी हाडांचा डॉक्टर. डोक्याचा दाखला कसा देऊ?" मी म्हटले, "आमच्या शाळेत कोण कशाचे दाखले घेऊन शिकवतो ते एकदा येऊन बघा, म्हणजे संकोच जाईल." मग त्यांनी मला चार प्रश्न विचारले, मी उत्तरे दिली, आणि त्यातला एक प्रश्नच चुकीचा होता हेही सांगितले. त्यांनी दाखला लिहून दिला.

कलम पहिले: मिळकत. माझे दुमजली घर आहे. वर मी आणि माझी मुलगी राहतो. खाली हॉल आहे, त्यात कलाशाळेचे वर्ग भरतात. हे सगळे मी आणि माझ्या यजमानांनी स्वकष्टाने उभे केले. यजमान सुतार होते. हॉलची लाकडी जमीन त्यांनी स्वतः घातली. फळ्यांखाली पट्ट्या ठोकून मध्ये पोकळी ठेवली, म्हणजे उडी मारली तर जमीन थोडी दबते आणि गुडघ्याला दणका बसत नाही. लोक विचारायचे, बायकोच्या नाचासाठी एवढा खटाटोप कशाला? ते म्हणायचे, "रात्री गुडघे मलाच चोळावे लागतात." असा माणूस पुन्हा मिळणार नाही, आणि तशी जमीनही.

कलम दुसरे: हे आत्ताच का लिहिते आहे. माझ्या भाच्याने त्या जमिनीला पॉलिश केले म्हणून.

भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण लवकर गेली, त्याला मी वाढवले. हल्ली तो आमच्या शाळेचा संचालक आहे. माझ्या सत्काराचा घाट त्याने घातला, फोटोवाला बोलावला, आणि फोटोत हॉल उठून दिसावा म्हणून जमिनीवर मेणाचे पॉलिश घासून घेतले. आरशासारखी चकचकीत! नाचाच्या जमिनीला मेण लावू नये हे पहिल्या वर्गातल्या पोरींनाही कळते. पण संचालकसाहेबांना कळले नाही, आणि त्यांनी मोठमोठ्या पार्श्वभूमी पाहून नेमलेल्या शिक्षकांपैकी एकानेही तोंड उघडले नाही. सगळे भिंतीला धरून उभे होते. मी दारातच थबकले, तर भाच्याने कोपराला धरून ओढले. "चल गं मावशी, उजेड जातोय!" दुसऱ्या पावलाला मी आडवी.

मुलगी नेहमीप्रमाणे उशिरा आली. तिने मला उचलले आणि आधी मलाच झापले. "तुला दिसत नव्हतं? की फोटोचा मोह आवरला नाही?" मग भाच्याकडे वळून जे बोलली ते कायदेशीर कागदावर लिहिण्यासारखे नाही.

कलम तिसरे: शिक्षकांची पार्श्वभूमी. आमच्या शाळेच्या माहितीपत्रकात प्रत्येक शिक्षकाचा फोटो आणि त्याखाली 'व्यावसायिक पार्श्वभूमी' छापतात. दर वर्षी माणूस तोच राहतो आणि पार्श्वभूमी वाढते. वार्षिक कार्यक्रमात ती आधी वाचून दाखवतात, मग नाच होतो. गेल्या खेपेला वाचन इतके लांबले की छोट्या वर्गाच्या दोन मुली पडद्यामागे झोपून गेल्या. या मंडळींना मी पुढीलप्रमाणे देऊन जाते.

(अ) आमचे परदेशी मास्तर. 'अनेक देशांत सादरीकरण' असा त्यांचा लौकिक आहे. मास्तर प्रवासी बोटीवर होते. लोक जेवत असताना तिथे नाचायचे. बोट देशोदेशीच्या बंदरांना लागायची, प्रवासी उतरून गावे पाहायचे, आणि मास्तर बोट लागल्यामुळे पोट धरून केबिनमध्ये पडून असायचे. हे त्यांनीच मला एकदा बेसावधपणे सांगितले. पॉलिशबद्दल गप्प का बसलात असे विचारले, तर म्हणाले, "मला वाटलं, बाहेर हल्ली असंच करतात." त्यांना माझी प्रवासाची बॅग द्यावी. एकदा तरी कुठेतरी उतरून बघा म्हणावे.

(आ) सिनेमावाल्या बाई. 'गाजलेल्या चित्रपटांतून नृत्याविष्कार.' यांनी आम्हाला घरी बोलावून तो चित्रपट दाखवला होता. गर्दीचे गाणे आले तशी चित्र थांबवून पडद्याला बोट लावले. "हे बघा! हे माझं कोपर!" कोपर चांगले होते, मी नाही म्हणत नाही. यांना माझा उभा आरसा द्यावा. त्यात अख्खे माणूस दिसते, त्यांना सवय व्हायला थोडा वेळ लागेल.

(इ) प्रबंधवाल्या बाई. गुडघ्यात वाकण्यामागचे तत्त्वज्ञान या विषयावर त्यांनी जाडजूड प्रबंध लिहिला आहे. त्यांना स्वतःला गुडघ्यात वाकलेले कोणी पाहिलेले नाही. वर्गात त्या खुर्चीवरून शिकवतात. मुले वाकतात आणि त्या मान डोलावतात. ती खुर्ची माझ्या मालकीची आहे. ती त्यांनाच द्यावी, तसेही त्यांना तिच्यापासून वेगळे करणे कठीण जाईल.

(ई) खुद्द भाचा. माझ्याकडे थोडे दिवस शिकला, घाम येतो म्हणून सोडून दिले, आणि खुर्च्या व मंडप भाड्याने देण्याच्या धंद्यात पडला. चांगला चालवला धंदा, खोटे कशाला बोलू? पण माहितीपत्रकात ते असे उतरले: 'देशभरातील असंख्य मंचांच्या उभारणीत मोलाचा वाटा.' मी वाचले आणि चहा नाकातून आला. माझ्याबद्दलही त्याने लिहिले होते की वयाच्या तिसऱ्या वर्षी मी रंगमंचावर पदार्पण केले. तिसऱ्या वर्षी मी कोंबड्यांना घाबरून माळ्यावर चढून बसत असे. मी ते खोडायला लावले, तर रुसला. "मावशी, तुला मोठं व्हायचंच नाही!"

कलम चौथे: माझी मुलगी. हिची पार्श्वभूमी अशी. माझ्याकडे नाच शिकली. मग माझ्याशी भांडून निघून गेली आणि बरीच वर्षे चपलांच्या दुकानात नोकरी केली. दुकान बंद पडले तेव्हा परत आली आणि छोट्यांचा वर्ग घेऊ लागली. ती तोंडाची फटकळ आहे, वेळ पाळत नाही, पालकांशी नीट बोलत नाही. पण तिच्या वर्गातून पोर रडत बाहेर आलेले मी पाहिले नाही. मुलांना ती सगळ्यात आधी पडायला शिकवते. सगळी एकदम धपाधप पडतात, खिदळतात, उठतात आणि मग नाचतात. वरच्या खोलीत माझ्या खाटेला तो हादरा जाणवतो. दिवसभरात मला बरे वाटते ते तेवढ्याच वेळात.

भाच्याने तिच्या फोटोखाली छापायला मजकूर आणला: 'मानवी पायाच्या रचनेचा प्रदीर्घ अभ्यास.' तिने तो कागद त्याच्या हातात परत दिला. "दादा, मी चपला विकत होते. चपला लिही, नाहीतर काही लिहू नकोस." दादाने काहीच लिहिले नाही. फोटोही काढून टाकला. आणि परवा हॉलच्या दारावर सूचना लागली की पुढच्या सत्रापासून ज्यांना व्यावसायिक पार्श्वभूमी नाही त्यांना वर्ग मिळणार नाही. अशी शाळेत एकच आहे. छोट्यांचा वर्ग परदेशी मास्तरांकडे जाणार.

मला संताप आला. अजून उतरलेला नाही.

मी मुलीला म्हटले, "हॉल माझा आहे. मी तुझ्या नावावर करते, बघू कोण काढतो तुला." तर ही माझ्यावरच उसळली. "तुझ्या जागेच्या जोरावर मला वर्ग नको. उद्या सगळे म्हणतील, हिची पार्श्वभूमी म्हणजे हिच्या आईचं घर. हॉल दादालाच दे. शब्द दे मला." मी पुष्कळ समजावले. ती हटून बसली. शेवटी मी शब्द दिला की हॉल दादाच्याच नावाने लिहीन. त्या दिवशी ती खाली गेली आणि हॉलबाहेरच्या पायरीवर मुलांच्या पायांतले घुंगरांचे पट्टे स्वतः सोडत बसली. एरवी ते काम मुलांनाच करायला लावते. मी खाटेजवळच्या खिडकीतून पाहिले. तिचा वर्ग गेला तर ती पुन्हा कुठल्या तरी दुकानात उभी राहील, आणि हसणार नाही. आई म्हणून मला ते सहन होणार नाही, मेल्यावरसुद्धा.

कलम पाचवे. घराचा वरचा मजला, त्यातले सामान आणि माझी शिल्लक मुलीला मिळावी. याला तिची हरकत नाही, कारण तिला मी विचारलेलेच नाही.

कलम सहावे: हॉल. दिलेला शब्द पाळून मी हॉल भाच्याला देते. त्याला तो काही कारणाने कायद्याने घेता आला नाही, तर हॉल मुलीकडे जावा, आणि त्यात कोणाला शिकवू द्यायचे हे तिने ठरवावे. ज्याच्या ताब्यात हॉल येईल त्याने आधी ते मेण खरवडून काढावे.

कलम सातवे. माझ्या शोकसभेत कोणी माझा परिचय वाचू नये. ज्यांना राहवणार नाही त्यांनी रस्त्यावर उभे राहून वाचावा. मंडप आणि खुर्च्या मात्र भाच्याकडूनच घ्याव्यात, त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

कलम आठवे. माझ्या बहिणीच्या बांगड्या मी या कागदात घेतलेल्या नाहीत. त्या आज सकाळीच भाच्याच्या हातात दिल्या. त्याचे डोळे भरून आले. माझेही आले. पोर वाईट नाही, मला त्याची माया आहे. नुसता पोकळ डामडौल अंगात शिरला आहे. माझ्या मागे त्याला हात हलवत परत जावे लागू नये म्हणून बांगड्या आधीच दिल्या.

कलम नववे: साक्षीदार. वकिलांनी मला सांगितले की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून दिलेली वस्तू मिळत नाही. मृत्युपत्र कायम राहते, त्याचा वाटा तेवढा जातो. हे सांगून ते असेही म्हणाले की साक्षीदाराच्या सहीशेजारी त्याचा व्यवसाय व परिचय लिहावा, आणि हा कागद सरकारी दफ्तरात कायमचा राहील. नेमके हे दुसरे वाक्य दारात आलेल्या भाच्याच्या कानावर पडले. तेव्हापासून तो हात धुऊन मागे लागला आहे. "मावशी, साक्षीदार मलाच घे. शेजारच्या कोणाची सही घेतलीस तर कागदाला वजन काय येणार?"

मी त्याला सांगितले की कागद आधी वाच. वकिलांनीही सांगितले. वकील सरळ माणूस आहेत, आडपडदा नको म्हणून हे कलम त्यांनी मुद्दाम सहीच्या जागेच्या बरोबर वर लिहायला लावले. डोळे जरा वर उचलले की दिसेल. वकिलांनी मला एकटीला विचारले, "बाई, त्याने वाचलं तर?" मी म्हटले, "तर हॉल त्याचा, माझी मुलगी वर्गाबाहेर, आणि मी वेडी ठरले." पण मी त्याला लहानपणापासून ओळखते. गृहपाठाच्या वहीवर तो नाव झोकात घालायचा आणि आतली पाने कोरी असायची. मुलीला यातले काही सांगितलेले नाही, कारण तिच्या पोटात काही राहत नाही आणि ती त्याला ओरडून सांगेल.

याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि, माझा खुबा पाहता, बहुधा हेच शेवटचे.

ठिकाण: राहते घर, वरचा मजला
दिनांक: ९ मार्च, सोमवार, सकाळी

(सही)
मोठ्या बाई, नृत्यशिक्षिका

आम्हा दोघांच्या देखत बाईंनी सही केली आणि आम्ही बाईंच्या देखत केली.

साक्षीदार पहिला: (सही)
व्यवसाय व परिचय: डॉक्टर. हाडे जोडतो.

साक्षीदार दुसरा: (सही, दोन ओळींची जागा व्यापून)
व्यवसाय व परिचय: संचालक, कलाशाळा. नृत्यगुरू. देशभरातील असंख्य मंचांच्या उभारणीत मोलाचा वाटा. अनेक संस्थांचे मार्गदर्शक. मृत्युपत्रकर्तीचे पट्टशिष्य व त्यांच्या कलेचे एकमेव वारस. वरील सर्व मजकूर लक्षपूर्वक वाचून सही केली आहे.