आम्ही थुंकत नाही

१२ जानेवारी, शुक्रवार
उद्या बायको आणि मित्रांबरोबर वाइन टेस्टिंग. तीन वायनरी. गाडी माझी, चालवणार मीच. बायकोकडे आठ वर्षं लायसन्स आहे, पण लायसन्स वेगळं आणि नवीकोरी गाडी वेगळी. ती म्हणाली, मग पिऊ नकोस. म्हटलं, चाखणं आणि पिणं यातला फरक सुसंस्कृत माणसाला कळतो. मित्रांच्या मानाखातर सीटवरचं प्लॅस्टिक काढून कचऱ्यात दिलं. नियम: बूट झटकून आत. खाणं बंद.

१३ जानेवारी, सकाळी ११
पहिली वायनरी. टेबलावर बादली. वाइन तोंडात घोळवून सगळ्यांनी तिच्यात थुंकायचं म्हणे. शी! डेंटिस्ट मित्र म्हणाला, गाडी चालवायचीय ना, थुंक. जन्मभर लोकांना तेच सांगत आलाय, त्याला काय! कॉन्ट्रॅक्टर मित्राची पिचकारी थेट माझ्या बाहीवर. मी गिळलं. आमच्या घराण्यात चारचौघांत कुणी थुंकलेलं नाही.

दुपारी १
दुसरी. ग्लासला कुणाची तरी लिपस्टिक. बदलून मागितला, तर भरूनच आला. अन्नाचा अपमान नको. हौदात हौशी लोक अनवाणी द्राक्षं तुडवताहेत. कॉन्ट्रॅक्टरही उतरला. त्याच्या पायाचा अंगठा मी जवळून पाहिलेला आहे. तो विसरायला आणखी दोन ग्लास. बायकोने चावी मागितली. हसलो नुसता.

दुपारी ३.३०
तिसरी. इथेही बादली, वर माशा. स्वच्छतेवर दोन शब्द बोललो. टाळ्या पडल्या. मी टेबलावरून उतरल्यावर.

संध्याकाळ, मागची सीट
चावी मीच दिली. म्हणजे तिने खिशातून काढली, पण मी आडवा आलो नाही. ब्रेक बरा लावते. डेंटिस्टच्या बायकोची गाडी आमची ही दोन वर्षं चालवतेय म्हणे. सगळ्यांना माहीत, मी सोडून. घाटात वळणं फार

१४ जानेवारी, रविवार
काल जे झालं ते वळणांमुळे. निम्मं सीटवर, निम्मं डेंटिस्टच्या मांडीवर. तो एवढंच म्हणाला, यापेक्षा बादली काय वाईट होती? सकाळपासून सीट घासतोय. स्वतःचीच किळस येते. थोडीशी.

२० जानेवारी, शनिवार
वास जात नाही. काचा उघड्या ठेवून रोज फिरवली की जातो, म्हणून बायको गाडी ऑफिसला नेते. मी बसने. तात्पुरतं. आज गुपचूप स्टिअरिंगपुढे बसून पाहिलं. सीट पुढे ओढलेली, गुडघे अडकले. मागे सरकवली नाही, उगीच तिला त्रास. गाडीत नवं प्लॅस्टिक आलंय. एकाच सीटवर. तिच्या शेजारच्या.