एका दाढेचा रोजा

अकोला, २४ फेब्रुवारी २०२६

प्रिय ज्योत्स्ना,
स. न. वि. वि.

डॉक्टरला दरडावणं बंद कर, म्हणजे तुझ्या खोकल्याला औषध लागू पडेल.

आमच्याकडे रमजान लागला. माझी नात सिदरा नऊ वर्षांची आहे, तिला रोजा धरायचा आहे. मी सक्त मनाई केली. लहान मुलांवर रोजा फर्ज नाही, हे तिच्या अब्बांनीही समजावलं. काल तिचा डबा शाळेतून भरलेलाच परत आला. पाण्याची बाटलीही भरलेली.

तुला आठवतं. पंच्याऐंशीचा मे. माझी बहीण शगुफ्ता एवढीच होती. पहिल्या रोजाचा समारंभ, पाहुणे, मोगऱ्याचे हार. चार वाजता तिने मला पाणी मागितलं, आणि मी म्हटलं, तीनच तास उरले. रोजा सुटायच्या आतच ती गेली. आमच्या अब्बांना विचारलं असतं तर त्यांनी स्वतः पाजलं असतं. आम्ही विचारलंच नाही.

ती बाटली मी दोनदा धुतली. फोनवर हे बोलवत नाही. काय करू ते लिही.

लोभ आहेच, तो उत्तरातून दिसू दे.
तुझी, नुजहत


अमरावती, २७ फेब्रुवारी २०२६

प्रिय नुजहत,
स. जयभीम वि. वि.

तू चुकते आहेस. मनाई केली की मूल लपून करतं, आणि लपून धरलेल्या रोजात लक्ष ठेवायला कुणी नसतं. तुझ्या अम्मी सांगत तो एका दाढेचा रोजा आधी धरू दे: एका बाजूने खायचं, दुसऱ्या बाजूला रोजा. मग दुपारपर्यंतचा. पूर्ण धरायचाच तर सुट्टीच्या दिवशी. पहाटे सहरीला दही-भाकर आणि भरपूर पाणी, लोणचं नाही. उन्हात खेळ नाही. डोकं गरगरलं किंवा मळमळलं की रोजा सोडायचा, परवानगी मागायची नाही. आणि पाहुणे बोलावू नकोस. हार आधी घरात आले की मुलाला माघार घेता येत नाही.

आता दुसरं. शगुफ्ता तुझ्याकडे चारला आली. माझ्याकडे ती तीनला आली होती. मी सुट्टीत तुमच्याकडे पाहुणी, ओसरीवर वाचत बसले होते. ती म्हणाली की ज्योतीताई, मले पाणी दे, तुले काही रोजा नाही. तांब्या माझ्या हाताशी होता. दुसऱ्याच्या घरचा रोजा आपण कसा मोडावा, असं वाटलं. मी तिला म्हटलं, तुझ्या नुजहतआपाला विचार. मधला तासभर ती कुठे होती, मला ठाऊक नाही.

एक्केचाळीस वर्षं मी तुला एकटीलाच दोषी समजू दिलं. शाळेत शिकवताना तीस वर्षं पोरींना दर तासाला पाणी प्यायला लावलं, शिस्त म्हणून. कारण कुणाला सांगितलं नाही.

लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव.
ज्योत्स्ना


अकोला, ९ मार्च २०२६

प्रिय ज्योत्स्ना,
स. न. वि. वि.

तुला दोन पत्रं लिहिली आणि फाडली. त्यांत काय होतं ते विचारू नकोस.

सिदराला सगळं सांगितलं, तुझ्यासकट, माझ्यासकट. तिने विचारलं, मग शगुफ्तादादीने स्वतःच पाणी का नाही घेतलं. पाच दिवस तिने एका दाढेचा रोजा धरला, दोनदा दुपारपर्यंतचा. काल रविवारी पूर्ण धरायला घेतला. दुपारी साडेतीनला ती उठली, माठाकडे गेली, कुणालाही न विचारता दोन पेले पाणी प्यायली आणि मग मला येऊन सांगितलं की डोकं गरगरत होतं. उरलेला रोजा पुढच्या वर्षी, म्हणाली.

तुला माफ केलं असं लिहिणार नाही. तो हक्क माझा नाही. पण तीन ते चार ती घरात कुठे बसली असेल, हे आता मी रोज शोधते. कधी जिन्याखाली, कधी कोठीत. तो तास मला एकटीने काढवत नाही.

येत्या रविवारी ये. तीनच्या आत ये.

तुझीच,
नुजहत