एका शर्टाची पाच मिनिटं

तीर्थस्वरूप आत्यांना,

भाच्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत (हे पत्राच्या पद्धतीप्रमाणे लिहिलं, खरं काय ते पुढे येईलच). तुमचे गुडघे कसे आहेत? उत्तराला उशीर झाला, कारण मला काम लागलं आहे, आणि त्या कामात मी पहिल्याच दिवशी अख्खी गल्ली आजारी पाडली.

दवाखान्याच्या नर्सबाईंनी वस्तीतल्या आम्हा सहा जणांना तीन दिवस शिकवलं आणि प्रत्येकाच्या हाती रक्तदाब मोजायचं मशीन, एक रजिस्टर आणि एकेक गल्ली दिली. रक्तदाब वाढला तरी माणसाला बहुधा कळत नाही आणि कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो, म्हणून आपणच जाऊन मोजायचं, जास्त निघेल त्याला डॉक्टरांकडे पाठवायचं आणि नंतर त्याची गोळी चुकत नाही ना ते बघायचं. मी नववीत शाळा सोडली, तरी अक्षर नीट आहे म्हणून माझी निवड झाली (असं नर्सबाई म्हणाल्या, सातवा कोणी आलाच नव्हता, असं बाबा म्हणाले). मी सगळं शब्दन् शब्द उतरवून घेतलं होतं: शांत जागा, पाठ टेकायची खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले, पाच मिनिटं न बोलता विश्रांती. आता आपल्या गल्लीत एका टोकाला पत्रे ठोकणारा आणि दुसऱ्या टोकाला त्याच्यावर ओरडणारी त्याची सासू. शांत जागा एकच सापडली, कामगार संघटनेच्या इमारतीतली तिसऱ्या मजल्यावरची खोली. पाठीची खुर्चीसुद्धा तिथे होती. पायऱ्या चौपन्न. मी त्या मोजल्या होत्या, आत्या. फक्त त्यांचा विचार केला नाही.

बावन्न माणसं वर आली. रांग जिन्यात, त्यामुळे विश्रांतीची पाच मिनिटं लोकांनी जिन्यातच उभ्या उभ्या, नंबरावरून भांडत काढली आणि खोलीत शिरताच धापा टाकत हात पुढे केला. बावन्नपैकी सत्तेचाळीस जणांचा जास्त! डॉक्टरांच्या नावाने सत्तेचाळीस चिठ्ठ्या मी सुवाच्य लिहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तेचाळीस माणसं दवाखान्याच्या दारात. डॉक्टर बाहेर आले, रांगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि नर्सबाईंना म्हणाले, "याला आधी तुम्ही तपासा." नर्सबाई माझ्याबरोबर निघाल्या, चौपन्न पायऱ्या चढल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "माझा मोज." जास्त आला. मग पाच मिनिटं त्या एक अक्षर न बोलता माझ्याकडे बघत बसल्या (एवढी लांब पाच मिनिटं मी परीक्षेतही पाहिली नाहीत). पुन्हा मोजला. अगदी हवा तेवढा. "खुर्ची खाली आण," एवढंच म्हणून त्या उतरल्या.

त्या दिवसापासून गल्लीत माझं नाव 'जिनेवाला डॉक्टर' पडलं. पत्रेवाला तर मी दिसलो की छातीवर हात ठेवून धापा टाकून दाखवायचा. पण मीही तुमचाच भाचा. काम सोडलं नाही. खुर्ची डोक्यावर घेऊन उतरलो आणि ठेवली ती थेट बाबांच्या इस्त्रीच्या दुकानात. कारण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. कॉलर, मग बाह्या, मग पाठ, असा एक शर्ट करायला बाबांना बरोबर पाच मिनिटं लागतात आणि शर्टाची वाट बघणारा माणूस तोवर बसलेलाच असतो. (घड्याळ लावून सात शर्ट तपासले. रेशमी धरायचा नाही.) शर्टाची घडी पडली की मी मशीनचा पट्टा दंडाला बांधायचा. दोन आठवड्यांत बावन्नच्या बावन्न पुन्हा मोजले आणि वेगवेगळ्या दिवशी तपासून खरे जास्तवाले उरले एकोणीस. ते एकोणीसही म्हणू लागले, "आमचाही जिन्याचाच असेल रे!" मग रोज एकेकाचं दार. पत्रेवाल्याच्या दारात मी अकरा वेळा गेलो. बाराव्या वेळी त्याची सासूच म्हणाली, "घे रे बाबा गोळी, नाहीतर हा पोरगा आता इथेच राहायला येईल." आज अठरा जण नेमाने गोळी घेतात.

यात बाबांचा वाटा मोठा आहे. इस्त्री फिरवता फिरवता ते गिऱ्हाइकाला दटावतात, "बोलू नका, आकडा चढतो." "काल गोळी घेतलीत का? मग हा शर्ट तुम्हाला उद्या मिळेल." नर्सबाई म्हणाल्या, असा माणूस प्रत्येक गल्लीत हवा.

एकोणिसावे बाबा आहेत.

तीन दिवस मोजला, खालीच, बसवून. शेवटच्या वेळी वरचा आकडा एकशे चौऱ्याऐंशी, खालचा एकशे बारा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या रुमालांच्या घड्यांखाली तशाच आहेत. म्हणतात, "दिवसभर निखाऱ्यापाशी उभा असतो मी. इस्त्री तापली की माणूस तापणारच. मला ना चक्कर, ना डोकेदुखी. आजारी असेल तर तुझं मशीन." आजोबा याच टेबलापाशी कोसळले, तेव्हा सगळ्यांनी उष्णतेवर ढकललं होतं. त्या दिवशी इस्त्रीतले निखारे तुम्हीच विझवलेत, असं आई सांगायची. मी आता त्याच टेबलाशेजारी बसून जगाचे दाब मोजतो, आणि माझं अर्धं लक्ष बाबांच्या हातातल्या इस्त्रीकडे असतं.

बाकी सगळं ठीक. तब्येतीला जपा.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. बाबा परवा म्हणाले, "ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती गोळी घेत असेल तर मी घेईन." म्हणून विनंती, की तुमच्याकडच्या दवाखान्यात जाऊन मोजून घ्या आणि आकडा कळवा. आधी पाच मिनिटं अजिबात बोलायचं नसतं. मी काय मागतो आहे याची मला पूर्ण कल्पना आहे.

ता. क. २. आकडा चांगला आला, तर कळवू नका. स्वतःच या.

ता. क. ३. पाकीट चुरगळलं होतं म्हणून बाबांच्या टेबलावर ठेवलं, तर त्यांनी पत्र काढून वाचलं. मग रुमालांखालून गोळी काढली, माझ्यासमोर गिळली आणि म्हणाले, "झालं? आता हे पोस्टात टाकू नकोस. ती खरंच येईल." एकच गोळी घेतली आहे, आत्या. रोज एक घ्यायची असते. म्हणून टाकतो आहे.