एका हाताची पडशी

इंदिरानगर, नाशिक
२९ ऑक्टोबर १९९८

ती. सौ. सुवर्णाअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

भाऊबिजेला आलीस तेव्हा माझ्या खांद्याचं प्लॅस्टर निघालेलं तू पाहिलंसच. आता डॉक्टरांनी सायकललाही परवानगी दिली आहे. डाव्या हाताला हँडल धरता येतं, पण बोटांत जोर नाही. शर्टाचं बटणसुद्धा लागत नाही. जोर परत येईल की नाही, ते डॉक्टर सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही. दोन्ही ब्रेक मात्र उजवीकडे बसवून घेतले आहेत.

अडलंय ते पिशवीपाशी. अंबडच्या कारखान्यात जायचं म्हणजे डबा, पाण्याची बाटली, कामाचे बूट एवढं सामान हवंच. शबनम खांद्यावरून घसरते, हँडलला पिशवी अडकवली तर सायकल आपल्याच मनाने वळते, आणि कॅरियरला रबर बांधायला दोन हात लागतात. सध्या शेजारचा देवराम स्कूटरवरून नेतो. माणूस सोन्यासारखा आहे गं, पण गेटवर मला हात धरून उतरवतो आणि माझा डबा स्वतः घेऊन चालतो. बेचाळीस वर्षांचा घोडा झालो मी! हे असंच राहणार असेल तर सायकल विकून टाकावी म्हणतो. तुला शिवणातलं कळतं, काही सुचलं तर कळव.

भावजींना नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव.
तुझा,
सोमनाथ


सुरगाणा
४ नोव्हेंबर १९९८

चि. सोमनाथ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सायकल विकायची भाषा पुन्हा काढलीस तर कान धरायला नाशिकला येईन. पाचवीत असताना तू सायकल विहिरीच्या कठड्यावरून चालवून दाखवायला निघाला होतास, मी मागून चड्डी धरली म्हणून वाचलास.

फकिरा जीपवाल्याबरोबर दप्तर पाठवते आहे. आमच्या शाळेतली मुलं हेच वापरतात. कॅरियरवर घट्ट बसेल, आणि पुढे दोन चकचकीत बकलं आहेत. जीपच्या टपावरून पडलं तरी उघडत नाही, मी स्वतः पाहिलंय. इकडे नागलीची कापणी चालू आहे, त्यामुळे वर्ग निम्मे रिकामे असतात.

चि. सौ. शुभांगीला आशीर्वाद. तब्येतीला जप.
तुझी,
अक्का


इंदिरानगर, नाशिक
११ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दप्तर पोहोचलं. काल सायकलवरून कामावर गेलो, एकदाही थांबलो नाही.

बकलं खरंच कुणाला दाद देत नाहीत. सकाळी शुभांगीने लावून दिली, दुपारी मला उघडेनात. दातांनीही प्रयत्न केला. सगळे डबे उघडून बसले होते, कुणाला तरी सांगायचं जिवावर आलं. देवरामने विचारलं तेव्हा आज मंगळवार, मला उपास आहे, असं सांगून मोकळा झालो. त्याने दोन केळी आणून दिली. संध्याकाळी भरलेला डबा पाहून शुभांगी रडली, म्हणून आज पुन्हा स्कूटरवरून गेलो. तुझी चूक नाही, अक्का. पिशवीचा विषय आता इथेच सोडू.

राग मानू नकोस.
तुझा,
सोमनाथ


सुरगाणा
१८ नोव्हेंबर १९९८

चि. सोमनाथ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. दोन बकलं पाठवताना माझ्या डोक्यात एवढं साधं कसं आलं नाही!

मग मी पदराने डावा हात कमरेला बांधला आणि शाळेत गेले. मुलांनी हसून घेतलं. बटण, नाडी, चेन, हुक, घरात होतं नव्हतं ते सगळं लावून पाहिलं. चेन तर दुसऱ्या हाताने पिशवी धरल्याशिवाय सरकतच नाही. चहासुद्धा सांडला. संध्याकाळी मी हात सोडून मोकळी झाले. तू हे रोज करतोस.

ताडपत्रीची पडशी शिवली आहे. कॅरियरवर आडवी टाकायची, दोन बाजूंना दोन खण; एकात डबा आणि बाटली, दुसऱ्यात बूट, म्हणजे तोल राहील. झाकणाला सैल फास आणि मोठी लाकडी गुंडी आहे. अंगठ्याने ढकललं की सुटते. आतून माझ्या गुलाबी पातळाचं अस्तर आहे, नाक मुरडू नकोस.

एकदा वापरून बघ, एवढं माझं ऐक.
तुझी,
अक्का


इंदिरानगर, नाशिक
२७ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आठवडाभर सायकलवरूनच जातो आहे. पडशी चढावरही हलत नाही. मंगळवारी सगळ्यांच्या आधी डबा माझा उघडला! उपासाचं काय झालं म्हणून देवरामने विचारलं, तेव्हा सुटला म्हणून सांगितलं. मग खरं काय होतं तेही सांगितलं. त्याने आपल्या डब्यातली मिरचीची भाजी माझ्या पोळीवर वाढली, इतकंच.

गुलाबी अस्तराची गेटवर खूप चेष्टा झाली. पडशी कुठे मिळाली, कुणी शिवली, हे मात्र जो तो विचारतो. अक्का, तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणी हाताची चौकशी केली नाही.

आणि एक काम आहे. देवरामला स्कूटरवर टाकायला अशीच एक पडशी हवी आहे. बकलं चालतील का, असं मी विचारलं. नको म्हणाला, ही गुंडीच बरी. त्याचे दोन्ही हात धडधाकट आहेत.

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.
तुझा,
सोमनाथ